पावसाआधीचं पॉलिश

शनिवार, 10 मे 2025, पुणे

पहाटेच गाडी धुतली. दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची आणि दुसरी धुण्याचा मिट, म्हणजे हातमोजा, खंगाळायची. नंतर पार्किंगच्या सावलीत घेऊन बोनेटवर टॉर्च धरला, तर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल नक्षी उमटली. टॉर्च सरकवला की नक्षीही सोबत सरकते. खरं तर हे ओरखडे गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. गडद निळा रंग असल्याने लपवायलाही जागा नाही. शेजारची पांढरी गाडी बहुधा याहून वाईट असेल, पण ती दिसते छान.

ओरखडे येतात कुठून, याला लांब जायला नको. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि क्रश सँडचा ढीग रस्त्यालगतच आहे. क्रश सँड म्हणजे भरडलेला काळा बसॉल्ट. त्याची पूड रात्रभर गाड्यांवर बसते आणि सकाळी आमचा गाड्या पुसणारा पोरगा ती कोरड्या फडक्याने आधी झटकतो, मग ओल्याने पुसतो. आठच्या आत त्याला चाळीसेक गाड्या उरकायच्या असतात. हाताशी एक बादली, एक फडकं आणि महिन्याला गाडीमागे पाचशे रुपये. एवढ्यात प्रत्येक गाडीला नवं पाणी कोण घेईल? तेव्हा त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. धूळ नुसती बसून राहिली असती तर रंगाचं फारसं बिघडलं नसतं. बिघडलं ते रोज पुसल्याने.

रविवार, 11 मे

आज क्ले. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बोनेटवरून फिरवला की नुसत्या हाताला न कळणारी खरखर लागते. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. त्यासाठी आधी आयर्न रिमूव्हर फवारला. लोखंड सापडलं तिथे जांभळे ओघळ सुरू झाले, चाकांवर तर धारा लागल्या. वास इतका घाण की दुसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली. मग शाम्पूच्या पाण्याने भिजवून क्लेची चपटी वडी हलक्या हाताने फिरवली. जपानमधून आलेली ही माती म्हणजे मुळात मऊ प्लास्टिकसारखा लगदा, त्यात बारीक कण मिसळलेले. दर थोड्या वेळाने दुमडून स्वच्छ बाजू पुढे घ्यायची. खाली पडली तर सरळ टाकून द्यायची, कारण जमिनीवरची वाळू तिच्यात शिरली की ती वॉटर पेपरचं काम करते.

टपावरचे आंब्याचे डाग मात्र क्लेला दाद देत नाहीत. माझी जागा हापूसच्या झाडाखाली आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तो पाण्याने निघतो. पण कैरी गळली की देठाचा चीक उडतो, आणि ज्या चिकाने आंब्याची साल काळी पडते तो रंगाला काय सोडणार! त्यात उन्हाने तापलेला पत्रा. कावळ्यांबद्दल लिहीत नाही.

गुरुवार, 15 मे

ऑफिसातून परस्पर नाना पेठेत. मास्किंग टेप, फोमचे पॅड, दोन प्रतींची पॉलिशं, डझनभर मायक्रोफायबर. दुकानदाराने विचारलं, ‘‘गॅरेज कुठंय तुमचं?’’ घरी करणार म्हटल्यावर त्याने आणखी एक बाटली विकायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी तळमजल्यावरचे काका रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले. त्यांचं आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलं, फियाट आणि अँबॅसिडरपासून. त्या काळच्या गाड्या घासल्या की फडक्यावर गाडीचा रंग यायचा, कारण वर पारदर्शक थर नसे. काका अजून कुठल्याही गाडीच्या रंगाला ड्यूको म्हणतात. ड्यूको हे ड्यूपाँटच्या 1923च्या लॅकरचं नाव. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, या लॅकरने ते काम तासांवर आणलं.

आताची रचना निराळी. पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70च्या आसपास. म्हणजे जी काही चमक आहे ती केसाहून पातळ थरात आहे, आणि ऊन अडवणारी रसायनंही त्यातच. पॉलिश म्हणजे हा थर किंचित खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करणं. दर वेळी एक-दोन मायक्रॉन गेले तरी चालतं. पण दर दिवाळीला ‘रबिंग’ मारून घेणाऱ्यांच्या गाड्यांचे टप पापुद्रे सुटलेले दिसतात ते उगाच नाही.

यंत्र बोनेटवर 108 दाखवतं, टपावर 116, डावीकडची दारं 110च्या आगेमागे. उजवं मागचं दार: 430. काकांनी खिशातून छोटा लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या भागाला लावला, तो घरंगळला. ‘‘लांबी भरलीय बाई. ठोकलेली गाडी घेतलीस तू.’’ विकणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी ‘एक ओरखडा नाही’ अशी शपथ घेतली होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आणि काकांनी जे विशेषण वापरलं तेही लिहीत नाही. ‘‘काम मात्र चांगलं केलंय कोणीतरी,’’ असं म्हणत त्यांनी दारावरून दोनदा हात फिरवला.

शनिवार, 17 मे

पहाटे सुरुवात, कारण नऊनंतर पत्रा तापतो आणि पॉलिश पसरायच्या आधीच सुकतं. रबरं, काळं प्लास्टिक, दारांच्या धारा, सगळीकडे टेप लावला. धारेवर ओला रंग मुळातच कमी टिकतो आणि मशीनचा दाब तिथेच एकवटतो. काकांनी खुर्ची टाकली होती.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय झुलतो. गॅरेजवाल्यांचं नुसतं गरगर फिरणारं बफिंग मशीन झपाट्याने काम करतं, पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं की रंग जळतो. हे थांबलं तर नुसतं थरथरतं. जोर फार दिला की पॅडचं फिरणं बंद पडतं, म्हणून मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवली. रेघ फिरताना दिसतेय तोवर ठीक.

आधी बोनेटचा हातभर चौकोन. बारीक पॉलिश, मऊ पॅड, उभे-आडवे चार फेरे. पुसून टॉर्च धरला तर जाळं जवळजवळ गेलेलं, दोन-तीन खोल रेघा तेवढ्या शिल्लक. मी जाड कंपाउंड उघडायला निघाले, तर काकांनी हात वर केला. ‘‘नखाला लागतेय का रेघ?’’ लागत होती. ‘‘मग सोड. ती घालवायला जेवढं खरवडशील तेवढं परत येणार नाही.’’ खरं पाहता सगळ्या विद्येचं सार हे एवढंच आहे आणि ते बाटलीवर छापलेलं नसतं. बाटलीवर ‘शोरूमसारखी चमक’ छापलेलं असतं.

त्यानंतर तसंच, चौकोनामागून चौकोन. हात सावकाश न्यायचा, सेकंदाला जेमतेम इंचभर. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडलं. येणारे-जाणारे थांबून सल्ले देत होते. एकाने ‘‘मिस्टर नाहीत का घरी?’’ विचारलं. मिस्टर घरीच होते, पोहे करत होते.

430च्या दारावर मशीनचा वेग कमी ठेवला. जाडी खूप, पण ती लांबीची. वरचा थर कुठल्या प्रतीचा मारलाय ते यंत्र सांगत नाही.

रविवार, 18 मे

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून सगळी गाडी पुसली. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसून ते झाकतं, ते निघालं की खरं काम दिसतं. टपावर चिकाचे दोन वळ राहिले आहेत. राहू देत.

मग सीलंट. काकांचा कल मेणाकडे. कारनौबा मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातल्या एका ताडाच्या पानांवरून झटकून काढतात. पाण्याची वाफ होऊन जाऊ नये म्हणून झाड ते तयार करतं. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच. दिसायला सुंदर, पण आमच्या ऊन-पावसात काही आठवड्यांचा पाहुणा. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतो. सिरॅमिक वर्षांच्या हिशेबात जातं, पण चुकून जाड बसलं तर ते काढायला परत मशीनच लावावं लागतं. शिवाय ‘9एच’ ही त्याची मिरवली जाणारी कठीणता पेन्सिलीच्या मोजपट्टीवरची आहे, हिरे-माणकांच्या नव्हे.

सीलंट बेताचा घेतला, अगदी पातळ हात. धुकट दिसू लागला की पुसला. संध्याकाळी दुसरा हात. पश्चिमेला ढग होते, म्हणून गाडी रात्रभर काकांच्या झाकलेल्या जागेत.

मंगळवार, 20 मे

संध्याकाळी धो धो. मे महिन्यात रस्त्यांचे ओढे. सगळ्यांचं लक्ष बोनेटवरच्या गोल थेंबांकडे, आणि मला त्यांचंच भय. थेंब जागीच सुकला की त्यातला क्षार जागीच राहतो. पावसाच्या पाण्यात तो नगण्य असतो, आमच्या बोअरच्या पाण्यात भरपूर. म्हणून धुतल्यावर टेकवून टिपणं महत्त्वाचं. थेंब दिसले की सीलंट आहे, एवढंच कळतं. खडीच्या पुडीपुढे त्याचा काही उपयोग नाही.

सोमवार, 26 मे

मान्सून आला. शनिवारी केरळ, आज थेट मुंबई-पुणे. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. रंगकामवाल्यांची आणि वाळवणं घालणाऱ्यांची सारखीच त्रेधा.

सकाळी जिन्यात गाड्या पुसणाऱ्या पोऱ्याला गाठलं. म्हटलं, उद्यापासून माझ्या गाडीच्या फक्त काचा पुसायच्या. बाकी हात लावायचा नाही, रविवारी मी धुईन.

‘‘मग पैसे, ताई?’’

‘‘तेवढेच.’’

त्याला ते पटेना. काम नको आणि पैसे घे, यात काहीतरी गोम असणार. शेवटी अडचण बोलला. सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी फेरी मारतात, धूळ असलेली गाडी दिसली की याने दांडी मारली असं धरतात. मी त्यांच्याशी बोलेन म्हणाले. तो म्हणाला, ‘‘बोला तुम्ही. पण मी वायपर उभे करून जात जाईन. वायपर उभे दिसले की गाडी पुसली, असंच आहे आपल्याकडं.’’