हासिल

इंग्रजीतले ‘गेट’ हे क्रियापद शिकवायला सोपे. मिळणे, आणणे, पोचणे, समजणे, सगळे त्यात मावते. पण अर्जात, दाखल्यात, कायद्यात ते चालत नाही. तिथे त्याची जागा भारदस्त शब्द घेतात. परवानगी ‘ऑब्टेन’ करायची, पत्र ‘रिसीव्ह’ करायचे आणि जमीन, मालमत्ता किंवा ज्ञान ‘अक्वायर’ करायचे. सिरोंच्यात इंग्रजी शिकवताना या तिसऱ्या शब्दापाशी मी नेहमी अडखळत आलो. शब्द कठीण नाही. आमच्याकडे तो वर्गाबाहेर जास्त ऐकू येतो, हे त्याचे कारण.

‘अक्वायर’ म्हणजे नुसते मिळणे नव्हे. वाटेत सापडलेले नाणे कुणी अक्वायर करत नाही. त्यात प्रयत्न असतो, वेळ असतो आणि मिळालेली वस्तू आपली होऊन राहते. मूल भाषा अक्वायर करते, माणूस एखादी आवड अक्वायर करतो. मराठीत यासाठी ‘संपादन’ हा नेमका शब्द आहे. आपण ज्ञान संपादन करतो, विश्वास संपादन करतो. हा वार्षिकांक ज्यांनी सिद्ध केला तेही संपादकच. आणि याच कुळातला एक शब्द सातबाऱ्याच्या वाटेने घरात शिरतो, तो म्हणजे भूसंपादन.

सिरोंच्यात प्रत्येक शब्दाला दोन-तीन दारे असतात. १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही चांद्याचे. प्राणहिता आणि गोदावरीपलीकडे तेलंगण. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, आमच्या घरात दखनी. तेलुगूत भूसंपादनाला ‘भूसेकरण’ म्हणतात. सेकरण म्हणजे गोळा करणे. घरात आम्ही म्हणतो, हासिल करना. इल्म हासिल करना, इज्जत हासिल करना. पुस्तकी उर्दूत विद्या मिळवण्याला ‘तहसील-ए-इल्म’ म्हणतात. हासिल, महसूल, तहसील हे तिन्ही शब्द अरबीच्या एकाच धातूतून आले आहेत. हासिल म्हणजे जे मिळाले ते, महसूल म्हणजे मिळवलेले, तहसील म्हणजे मिळवण्याची क्रिया. ज्या कचेरीच्या ओट्यावर आमच्या दोन पिढ्या अर्ज हातात घेऊन बसल्या, तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘मिळवणे’ असा आहे!

माझ्या एका मामूंची थोडी जमीन एका सरकारी कामात गेली. कोणत्या कामात, ते इथे महत्त्वाचे नाही. नोटीस आली ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला, “मामू, जमीन हासिल करने का नोटीस है.”

“हासिल किसकू होरी?”

“सरकारकू.”

“हौ. तो हमना क्या होरा, वो कां लिखे?”

मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. मामूंचे नाव होते, गट क्रमांक होता, क्षेत्र होते. मामूंचे काय होणार आहे, हे सांगणारे क्रियापद मात्र कुठेच नव्हते.

तेव्हापासून मी या शब्दाचा माग काढत आलो. ‘अक्वायर’ लॅटिनमधून आला. त्याच्या पोटात शोधणे, विचारणे या अर्थाचा धातू आहे. ‘क्वेश्चन’ आणि ‘एन्क्वायरी’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे मुळात विचारणे होते, कायद्याने ते फार उशिरा आठवले. इंग्रजांचा भूसंपादन कायदा १८९४ चा. जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याचे कलम, ५-अ, त्यात आले १९२३ साली. मधली एकोणतीस वर्षे मिळवणे होते, विचारणे नव्हते. पुढेही ‘तातडी’ म्हटले की सतराव्या कलमाने ही सुनावणी टाळता येत असे. ‘घेणे’ हा सरळ शब्द तर सोळाव्या कलमापर्यंत पोचल्यावर ठळकपणे समोर येतो. तिथे सरकार ताबा घेते आणि जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारची होते. बोजा कुणाच्या खांद्यावर जातो, ते तिथे सांगितलेले नाही.

राज्यघटनेत हेच क्रियापद नागरिकाच्या बाजूनेही उभे होते. कलम १९ मध्ये मालमत्ता अक्वायर करण्याचा, बाळगण्याचा आणि तिची विल्हेवाट लावण्याचा मूलभूत हक्क प्रत्येक नागरिकाला होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो वगळला. त्याऐवजी ३००-अ हे कलम आले. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असे ते सांगते. वंचित! मामू शोधत होते ते क्रियापद हेच असावे. याच कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात म्हटले, की नोटीस मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, कारणांसह निर्णय होणे, योग्य मोबदला मिळणे हे सारे या हक्काचेच भाग आहेत. धातूतले विचारणे असे पुन्हा शब्दात आले.

पण शब्दाची दुसरी बाजू मला आमच्याच तालुक्याने शिकवली. गोदावरीवर तेलंगणने मेडीगड्डा बंधारा बांधला. पंच्याऐंशी दरवाजांचा. त्याचे एक टोक आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीला टेकते. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर काठाच्या शेतांत पाणी चढू लागले. धान, कापूस, मिरचीची रानेच्या राने पाण्याखाली गेली. २०२२ साली बारा गावांचे शेतकरी सिरोंच्यात उपोषणाला बसले. मागणी काय? आमच्या जमिनीचे भूसंपादन करा!

ऐकणाऱ्याला नवल वाटेल. देशभर लोक या शब्दाविरुद्ध लढतात आणि आमचे लोक तोच शब्द मागत होते. पाण्याने नोटीस दिली नव्हती, हरकत ऐकली नव्हती. जमीन हातची गेली होती आणि कागदावर मात्र ती त्यांचीच होती. संपादन हा शब्द सरकारी कागदावर उमटल्याशिवाय मोबदला हा शब्द उमटत नाही. मोबदलाही अरबीतलाच, त्याचा अर्थ अदलाबदल. तिला दोन माणसे लागतात, एक देणारा आणि एक घेणारा. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. ज्या पाण्यासाठी हे सारे झाले तेही हासिल राहिले नाही.

हल्ली हे क्रियापद शिकवताना मी मुलांना एक सवय लावतो. वाक्यात ‘अक्वायर’ दिसले की कर्ता आणि कर्म शोधून थांबायचे नाही. ‘कोणाकडून?’ हा प्रश्नही विचारायचा. इंग्रजी व्याकरणात हा भाग गाळला तरी वाक्य बरोबर ठरते, गुण कापले जात नाहीत. त्यामुळेच तो सहज गळतो. ज्ञान संपादन करताना कुणाचे काही कमी होत नाही, उस्तादाचे ज्ञान शागिर्दाला मिळाले तरी उस्तादाकडे उरतेच. जमिनीचे तसे नाही. ती एकाला हासिल झाली की दुसऱ्याच्या हातून गेलेली असते, आणि त्या दुसऱ्याचे नाव वाक्यात आणण्यासाठी कधी कधी उपोषणाला बसावे लागते.