पेंटरकाकांचं देणं

व्हिडिओंची थंबनेल करून माझं घर चालतं. हे काम मी ज्यांच्याकडून शिकलो, त्यांनी आयुष्यात कधी संगणक उघडला नाही. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेंटरकाकांचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, मंडळांचे पडदे आणि उमेदीच्या काळात थिएटरवरचे सिनेमाचे बॅनर ते रंगवत. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या आपल्या ‘कल्याण खजिना’ सिनेमाचं पोस्टर स्वतःच्या हाताने रंगवलं, हे सांगताना काकांचा आवाज बदलायचा.

शाळा सुटली की मी तिथेच. ब्रश धुवायचे, खडूच्या दोरीचं एक टोक धरायचं. पाटीला हात लावण्याआधी काका रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहत. विजेचा खांब कुठे आडवा येतो ते पाहून तेवढा कोपरा मोकळा सोडत. यूट्यूबवर खाली उजवीकडे व्हिडिओच्या वेळेची चौकट बसते. तिथे मी आजही अक्षर ठेवत नाही.

एकदा एक हॉटेलवाला ‘स्वादिष्ट कोल्हापुरी मिसळ’ असा मजकूर घेऊन आला. काका म्हणाले, “कोल्हापुरात बसून कोल्हापुरी कशाला लिवायचं? गिऱ्हाइकाला ठावं हाय ते लिवू नको.” पाटीवर ‘झणझणीत मिसळ’ आलं. जोडाक्षर एकही नाही, त्यामुळे सायकलवरून जाणाराही ते वाचू शकत होता. थंबनेलखाली व्हिडिओचं शीर्षक असतंच, तेच शब्द चित्रावर पुन्हा लिहिण्यात जागा वाया जाते, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं करतात, पण फोनवर ते दोन-तीन बोटं रुंद दिसतं. तिथे ‘स्वादिष्ट’मधला ‘ष्ट’ म्हणजे नुसता डाग. इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या साच्यांत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. म्हणून मराठी थंबनेलला मी एकच ओळ देतो, फार तर तीन शब्दांची. मग काकांनी शिकवलं तसं मागे सरकून पाहतो. “डोळं बारीक कर. उरतंय त्येच चित्र,” ते म्हणत.

सिनेमात नसलेली मारामारी बॅनरवर काढायला सांगितली, तेव्हा काकांनी ते काम परत केलं. घरात पैशांची ओढाताण असताना केलं. आता यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तपासता येतात आणि ज्यामुळे लोकांनी जास्त वेळ व्हिडिओ पाहिला ते जिंकतं. नुसत्या क्लिकवर निकाल लागत नाही. आत नाही ते बाहेर न दाखवण्याचा काकांचा हट्ट व्यवहारातही खरा होता, याचा मला फार आनंद वाटतो.

फ्लेक्स आले आणि काकांचं काम आटलं. दुकान बंद झालं. माझ्याकडून त्यांनी शिकवल्याचा एक पैसाही घेतला नव्हता.

थंबनेल शिकायला येणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं असतं: तुमच्या गावात हाताने अक्षरं काढणारा पेंटर अजून असेल, तर आधी त्याच्या दुकानात जाऊन बसा. आणि शिकवल्याची मजुरी त्याच्या हातात ठेवा.