चौदा काठ्या आणि एक कोपर

आमचं घर डमडमला. डोक्यावरून सारखी विमानं जातात, त्यामुळे बोलता बोलता मध्येच थांबायची सवय आम्हा सगळ्यांना लागली आहे. ह्यांच्या अँजिओप्लास्टीनंतर मात्र विमान नसतानाही घर गप्पच असे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण "उगीच कुठे चालायचं?" म्हणून हे खुर्चीतून उठत नसत.

शेजारच्या दादांनी सुचवलं, "गोल्फ खेळा. बॉलच्या मागे आपोआप चालणं होतं." मीही माझी माहिती पुरवली, की ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली इथेच, डमडमला सुरू झाला. १९११ साली त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली आणि आज तो टॉलीगंजला आहे. "म्हणजे आपल्या गावचाच खेळ की!" हे हसले. कित्येक दिवसांनी.

ते हसू टिकावं म्हणून आम्ही एका ओळखीच्या गृहस्थांचा जुना, पण पूर्ण सेट घेतला. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात, म्हणून चौदाच्या चौदा! दोन महिन्यांत ह्यांचं कोपर दुखायला लागलं. बॉल कधी जमिनीलगत सरपटे, कधी उजवीकडे भरकटे. एके दिवशी पिशवी दाराआड ठेवून हे म्हणाले, "माझ्याच्याने आता काही होणार नाही." त्या 'काही'त फक्त गोल्फ नव्हता, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती अवजड पिशवी टॅक्सीत घालून मीच ह्यांना एका शिक्षकांकडे घेऊन गेले. लहानपणी लोकांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकलेला माणूस. त्यांनी ह्यांचे चार फटके पाहिले आणि मला म्हणाले, "बौदी, दोष दादांचा नाही. या काठ्या दादांच्या नाहीत."

मग त्यांनी समजावलं. या काठ्यांचे दांडे पोलादी, जड आणि कडक. ते जोरकस हाताला शोभतात. साठीच्या माणसाला ग्रॅफाइटचा हलका, लवचीक दांडा बरा. पात्याचं वजन कडेला वाटलेलं, मागून पोकळ असावं, म्हणजे बॉल मधोमध बसला नाही तरी हाताला झिणझिण्या येत नाहीत. लांबी ठरवताना ताठ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. जुनी काठी घ्यायला हरकत नाही. मूठ झिजली तर बदलता येते, पण दांड्याला पोचा किंवा तडा नको. आणि मारून पाहिल्याशिवाय विकत घ्यायची नाही.

"किती घ्यायच्या?" मी विचारलं.

"सात."

एक पाच नंबरचा वूड, एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचं आयर्न, दोन वेज आणि एक पटर. मला ते लगेच पटलं. नवा संसार मांडताना आपण तरी कुठे सगळी भांडी एकदम घेतो? तवा, कढई, दोन पातेली... बाकीची हात बसेल तशी येतात.

जुना सेट विकून आम्ही त्या सात काठ्या घेतल्या. शिक्षकांनी ह्यांना शिवशंकर प्रसाद चौरसियांची गोष्ट सांगितली. रॉयल क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा हा मुलगा, तिथेच खेळ पाहत वाढला आणि २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. हे घरी येताना म्हणाले, "मला काही जिंकायचं नाही. पण उद्या लवकर उठव."

आज ह्यांचा बॉल शंभर यार्ड जातो, बहुधा सरळ. कोपर बरं आहे. बॉल शोधता शोधता चालणं किती झालं, हे विचारायलाच विसरतात. पिशवीत अजून सात जागा रिकाम्या आहेत. परवा मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "असू दे. घाई काय आहे?"

त्या 'घाई काय आहे'साठी मी सगळे चौदा घेतल्याचा मूर्खपणा स्वतःला माफ करून टाकला.