आंबट द्राक्षे

मराठीच्या प्राध्यापकाचा द्राक्षाशी संबंध एरवी कोल्ह्याच्या गोष्टीपुरताच यायचा. पण एका फेब्रुवारीत निफाडच्या मामांनी पिशवीतले एक रोप माझ्या हाती ठेवले आणि पुण्यातल्या आमच्या परसात मी बागायतदार झालो. मामांची स्वतःची बाग २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीत आडवी झाली. ती त्यांनी पुन्हा उभी केली नाही. घरामागे एक वेल तेवढा राखला होता. त्याच्याच काडीचे हे रोप.

नवशिक्याच्या चुका सांगण्याचा अधिकार मी पुरेपूर कमावला आहे. वेल मी आंब्याच्या सावलीत लावला, कारण तिथे माझी आरामखुर्ची असते. द्राक्षाला दिवसाचे सहा-सात तास तरी ऊन हवे. सावलीत, कोंदट हवेत पानांवर भुरी चढते. आमच्या पानांवर ती चढली तेव्हा कुणी पीठ शिंपडल्यासारखे दिसे, आणि हिने प्रथम मुलांनाच दटावले! शेवटी आंब्याच्या दोन फांद्या उतरवल्या. मग पाण्याची चूक. सकाळ-संध्याकाळ मी बादली ओती. माती काळी, चिकट. मुळांशी चिखल झाला, पाने पिवळी पडली. ती पिवळी दिसताच मी आणखी पाणी घातले. ते सोडवले शेजाऱ्यांनी. पुढे शेणखत घातले, वर युरिया घातला. वेल असा फोफावला की शेजाऱ्यांच्याच खिडकीत डोकावू लागला. दोन वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो हिरवा मांडव अभिमानाने दाखवीत होतो. घड मात्र एकही नव्हता.

तिसऱ्या वर्षी एप्रिलात मामा आले. चहासुद्धा न घेता मांडवाखाली उभे राहिले.

"मास्तर, द्राक्षं लावलीस का लग्नाचा मांडव घातलास?"

पिशवीतून कात्री निघाली आणि तासाभरात प्रत्येक काडी एक-दोन डोळ्यांवर आली. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होते. त्या दिवशी जेवताना मी मामांशी धड बोललो नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधांतले परिच्छेदच्या परिच्छेद तांबड्या शाईने उडवणारा मी. पण वेलावर चाललेली कात्री मला बघवली नाही.

मामांनी मग समजावले. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी. तिच्यानंतर जी नवी काडी येते, तिच्या डोळ्यांत उन्हाच्या दिवसांतच घड धरतो. बाहेरून दिसत नाही एवढेच. ऑक्टोबरात गोडी छाटणी. तेव्हा काडीवर मोजके डोळे राखले की फुटीबरोबर तो आतला घड बाहेर येतो. "लाड फार झाले याचे," एवढाच ठपका त्यांनी ठेवला.

गोडी छाटणीला ते येऊ शकले नाहीत. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या होत्या. फोनवरून सांगत राहिले, "पाच-सहा डोळे ठेव. भिऊ नकोस." दहा-बारा दिवसांत डोळे फुटले आणि २२ घड दिसले. त्यातलेही निम्मे काढायला लावले. पहिल्याच बाराला वेलावर भार नको म्हणे. ते काढताना मला काय वाटले ते लिहीत नाही.

आंबा आढीत पिकतो. द्राक्षाचे तसे नाही. ते वेलावरून उतरले की गोडी पुढे वाढत नाही. म्हणून मणी टपोरे दिसले तरी हात आवरायचा, आणि आमच्याकडे तो मार्चपर्यंत आवरायचा. गोष्टीतला कोल्हा जानेवारीत आला असेल, तर बिचारा खरे तेच बोलला.

जानेवारीच्या अखेरीस मामांना नाशिकला इस्पितळात ठेवले. डॉक्टरांनी मामेभावाला बाहेर नेऊन जे सांगितले, ते त्याने मला रात्री फोनवर सांगितले. सकाळी मी सर्वांत मोठा घड कापला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पहिली एस्.टी. धरली. राहिलेले घड मार्चमध्ये खडीसाखरेसारखे गोड झाले. तेव्हा मामा नव्हते.

त्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि डोळे गच्च मिटले.

"महिनाभर घाई केलीस, मास्तर."

"चुकलो, मामा."

त्यांनी घड माझ्या हातून घेतला, छातीवर ठेवला आणि एकेक मणी तोडून सगळा संपवला. नुसता देठ माझ्या हातात परत दिला.