मुळावरच्या गाठी

विज्ञानाचं, पण गोडीनं वाचता येईल असं पुस्तक सांगा, असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडी पहिलं नाव येतं ‘एक होता कार्व्हर’. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत टस्कीगीला पोचतो, तेव्हा वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन तिथल्या जमिनीचा कस गेलेला असतो. भुईमूग, चवळीची फेरपालट करा, असं तो शेतकऱ्यांना सांगत राहतो. मराठवाड्यातल्या पाथरीच्या काळ्या रानात कापूस वेचत वाढलेल्या माणसाला हे परमुलखातलं वाटतच नाही.

शेजारच्या काकांनी ते वाचलं आणि विचारलं, “सर, पीकच जमिनीला खत देतं, हे खरं का?” मी त्यांना त्यांच्याच सोयाबीनमध्ये घेऊन गेलो. फुलावर आलेलं एक झाड खुरप्यानं मातीसकट काढलं. नुसतं उपटलं की गाठी तुटून खालीच राहतात. मुळं बादलीत हलक्या हातानं धुतली. चिकट माती सुटता सुटेना. मग ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला लागल्या. एक नखानं फोडली, तर आत लालसर गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद तिथं असतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल असा करून देताहेत, याची ती खूण. आत हिरवट किंवा करडी निघाली, तर समजायचं काम थांबलंय.

“म्हणजे परभणीच्या विद्यापीठातून जिवाणू खत आणून बियाण्याला लावतो, ते हेच व्हय?”

हेच. पण त्यातला बराच नायट्रोजन दाण्याबरोबर बाजारात जातो. मुळं, पाला, भुसकट रानात राहिलं तर जमिनीला काही मिळतं. हे ऐकून काका बांधावर भुसकट जाळणाऱ्यांवर जाम चिडले.

म्हणूनच नव्या वाचकाला एकदम विश्वाच्या उत्पत्तीचं पुस्तक द्यावं, हे मला पटत नाही. आधी हाताशी पडताळून बघता येईल असं द्यावं. मग दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, महिन्यामहिन्यानं वाचायला. त्यानंतर मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’, आणि आभाळाची ओढ लागली की नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’.

काकांनी मात्र गवाणकरांचंच दुसरं पुस्तक मागितलं, डॉ. पांडुरंग खानखोज्यांचं चरित्र. विदर्भातला हा क्रांतिकारक पुढं मेक्सिकोत मका आणि गव्हावर संशोधन करत राहिला. मका मुळात तिकडचाच, हे कळल्यावर काकांनी विचारलं, “मग आपली तूर कुठली?”

तूर आपल्याच देशातली.