घसारा

आमच्या वस्तीतली मुले आता कर्ज काढून का होईना, स्वतःच्या गाड्या घेऊ लागली आहेत. माझ्या पुतण्यानेही पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली. जामीनदार मी. सकाळी तो वस्तीतली मुले शाळेत पोहोचवतो, सुट्टीच्या दिवशी भाडे मारतो. विकणारा म्हणाला, "इंजिन एक नंबर आहे." आम्ही इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे मोजले. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश मी विहारात कितीदा तरी सांगितला आहे, की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. व्हॅन घेताना मात्र आमच्यापैकी एकानेही खाली वाकून पाहिले नाही.

पुढे मूर्तिजापूरला एका मंगल परिणयाला गेलो. अकोल्याला परतताना मागे विहाराची पातेली होती. खड्डा आला की टक-टक आवाज यायचा. मी म्हटले, पातेली वाजतात. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची. वाटले, माणसे जास्त बसली आहेत. वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर कलंडत होतो आणि हसत होतो. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भाऊजी, गतिरोधक मागे गेला तरी गाडी डोलतेच आहे. पाळण्यात बसल्यावानी होते." दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीतही टक-टक ऐकू आली, तेव्हा मी ओशाळलो.

मी बी.कॉम. झालेला कारकून. घसारा हा शब्द दरवर्षी वहीत मांडतो. भाड्याच्या गाडीचा घसारा साध्या गाडीपेक्षा जास्त दराने धरतात, हेही पाठ आहे. पण वहीतला घसारा वर्षाअखेरीस एकदा लागतो, गाडीचा प्रत्येक खड्ड्यात लागतो, हे मिस्त्रीचाचांच्या गॅरेजमध्ये उकिडवे बसल्यावर कळले.

गाडीचे वजन स्प्रिंगा आणि पाटे पेलतात. शॉकअप वजन पेलतो, असे मी समजत होतो. तसे नाही. दबलेली स्प्रिंग उसळते, ती उसळी आवरणे हे शॉकअपचे काम. त्यातले तेल गळून गेले की स्प्रिंग नाचत राहते, चाक रस्त्याला नीट धरून राहत नाही, आणि ब्रेक चांगले असूनही गाडी उशिरा थांबते. चाचांनी व्हॅनचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगली गाडी वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबते. आमची तीन-चार वेळा खालीवर झाली. शॉकअपच्या नळीवर तेलाने भिजलेली धूळ चिकटली होती. मग त्यांनी माझा तळहात टायरवरून फिरवायला लावला. मध्येच उंच, मध्येच खोल, खरवडल्यासारखे लागले. आतली कड तर जवळजवळ गुळगुळीत झाली होती, आणि ती बाहेरून दिसतच नाही! नुसती कड घासली असेल तर कधी कधी अलाइनमेंटही बिघडलेले असते, एका खुणेवरून निकाल देऊ नये, असे चाचा म्हणाले. आमच्याकडे तर सगळ्याच खुणा होत्या.

खरी भीती पुढे होती. जॅक लावून चाक उचलले, खाली आधाराला घोडी ठेवली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली चाचा कोणालाही जाऊ देत नाहीत. चाक वरून-खालून धरून हलवले तर ते हलले. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर हालणे थांबले असते तर बेअरिंगचा दोष निघाला असता. थांबले नाही. "बॉल जॉइंट गेला आहे," चाचा म्हणाले. तो सांधा चालत्या गाडीत निखळला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंग हातात नुसते फिरते. याच गाडीत सकाळी मुले बसत होती.

मजुरीसह नऊ हजारांच्या आसपास खर्च निघाला. शॉकअप जोडीनेच बदलायचे, लोअर आर्मचा बॉल जॉइंट बदलायचा, नंतर अलाइनमेंट. १४ ऑक्टोबर जवळ आला होता. नागपूरला दीक्षाभूमीवर जायला महिला मंडळाने पैसे आगाऊ दिले होते. पुतण्या म्हणाला, "काका, नागपूरचं भाडं येऊ द्या, मग काम करू." खरे सांगतो, मी लगेच नाही म्हटले नाही. जामीनदाराला आधी हप्ता दिसतो. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर आहेत, एवढेच मी पुटपुटलो. वहिनी तिथेच होत्या. त्यांनी संध्याकाळी बायकांना गोळा करून चाक कसे हलत होते ते हाताने करून दाखवले. बायकांनी आगाऊ रकमेतून दुरुस्ती करायला सांगितले आणि उरलेले भिशीतून उसने दिले. व्हॅन दुरुस्त होईपर्यंत मुले चार दिवस रिक्षाने गेली.

नागपूरला निघताना पातेली गोधडीत गुंडाळून दोरीने बांधली. वहिनी पुढे बसल्या. मूर्तिजापूरच्या पुढे काहीतरी वाजले. कोणी काही बोलायच्या आत पुतण्याने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून चारही चाके पाहून आला. भाकरीच्या डब्याचे झाकण निघाले होते.