वडाळ्याच्या तबकड्या

जुन्या रेकॉर्डी घेऊन कुणी माझ्याकडे आलं, की पिशवी उघडायच्या आधीच मी विचारतो, स्पिरिटनं पुसल्या नाहीत ना? 78च्या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटात विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणंही जातं. डिस्टिल्ड वॉटर, पातळ साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, एवढ्यावर भागतं. लेबल मात्र भिजू द्यायचं नाही.

मुंबईतल्या माहुलमध्ये हे काम करणं तसं उलट्या गंगेत पोहणंच. एका अंगाला रिफायनऱ्या, दुसऱ्या अंगाला खाडी. खिडकी दुपारभर उघडी राहिली तर टेबलावर काळपट चिकट थर, आणि पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी. पण घर इथं आहे, म्हणून काम इथं.

धुतलेली तबकडी फिरवायची तर सुई तिच्या मापाची हवी. एलपीची सुई 78च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. इथं साधारण तिप्पट जाड टोक लागतं. मग वेग. मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा नावापुरता; त्या काळच्या तबकड्या कमीजास्त वेगानं कोरलेल्या सापडतात. मूळ वेग 78 असलेली तबकडी 82-83ने फिरवली, की काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये जातो. सूर चढतो एवढंच नाही, आवाजाचं वयही बदलतं. भरदार बाई अल्लड मुलगी होऊन बसते. मी पेटी जवळ ठेवतो, पण अखेरचा कौल कानाचा. तान कुठं घाई न करता घेतल्यासारखी वाटते, तिथं थांबायचं.

माझ्याकडे सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या 'यंग इंडिया'च्या तबकड्या. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, मुंबई; 1935 ते 1955. कारखाना वडाळ्याला, म्हणजे माझ्या घरून आणिक डेपो ओलांडला की आलंच. विलायती ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या कलकत्त्याजवळ डमडमला निघत असताना या स्वदेशी कंपनीनं वीस वर्षांत हजारो गाणी बाजारात आणली. नामवंत गवई बहुतेक मोठ्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून इथं हौशी आवाजच जास्त. त्यातले काही पुढं नावारूपाला आले. बाकीच्यांचं नाव त्या गोल लेबलाखेरीज कुठं उरलेलं नाही.

याच जातीची गोष्ट अमेरिकेतल्या सोल संगीताची. ओहायोतल्या कोलंबस शहरात बिल मॉस नावाच्या माणसानं 'कॅपसोल' ही छोटी कंपनी काढली, गावातल्याच गायकांच्या रेकॉर्डी केल्या, आणि काही वर्षांत ती बंद पडली. 2004 साली शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप'नं ती गाणी पुन्हा काढली आणि सोबत ती कुणी गायली, कशी गायली, याची हकीकत छापली. उत्तर इंग्लंडमधल्या नाचघरांत तर असल्या पडेल सोल रेकॉर्डींना त्याच्या कितीतरी आधीपासून सोन्याचा भाव आला होता. आपल्याकडे चरणजित सिंगांची 1982ची सिंथेसायझरवरच्या रागांची तबकडी 2010 साली एका डच संग्राहकानं पुन्हा काढली, तेव्हा म्हातारपणी त्यांना परदेशी रंगमंच मिळाले. चांगलं झालं. पण ते आपल्या कुणाला आधी सुचलं नाही, हेही खरंच.

'यंग इंडिया'ची गाणी एलपीवर आली नाहीत, कॅसेटवर नाहीत, सीडीवरही नाहीत. जी कंपनी टिकली तिचीच गाणी पुन्हा निघाली. बंद पडलेलीची गाणी कोण काढणार? सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी संग्राहकांकडच्या तबकड्या गोळा करून ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून त्यांचं डिजिटल जतन केलं, म्हणून निदान ऐकायला तरी काही उरलं.

पुन्हा काढायची म्हणजे कशी, यावर माझं मत ठाम आहे. खरखर संपूर्ण घालवू नये. संगणकात एक बटण दाबलं की ती जाते, आणि जाताना 'स', 'श', झिलाची किनार आणि तंबोऱ्याचा झंकार घेऊन जाते. उरतो तो गुळगुळीत आवाज, बाईचा की यंत्राचा कळत नाही असा. ठणाठण वाजणारे टवके मी एकेक करून हातानं काढतो. खालची सळसळ राहू देतो. चकचकीत पुठ्ठा आणि रंगीत प्लास्टिक यापेक्षा तबल्याला कोण होतं, पेटीला कोण, हे पाकिटावर छापण्यावर पैसा खर्च झालेला मला जास्त आवडेल.

तुमच्या घरी माळ्यावर अशी तबकडी असेल तर ती भंगारात देऊ नका. आडवी थप्पी लावू नका, उभी ठेवा. तडा गेला असला तरी चालेल, बरंच काही वाचवता येतं. आणि गाणारी व्यक्ती कोण होती, कुठं राहायची, हे आजीला आठवत असेल तर आजच लिहून घ्या.